हेल्मी ओयालाची अकरा पाखरं

कोस्की फाट्याच्या शाळेत हेल्मी ओयाला एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती आणि मी अठ्ठावीस वर्षं त्याच शाळेची बस चालवली. मी पोरं आणून टाकायची आणि तिनं ती भरवायची, असा आमचा धंदा. आता दोघंही निवृत्त. तिच्या आणि माझ्या घराच्या मध्ये एक बटाट्याचं वावर आहे आणि एक पडकं कुंपण. ते कुंपण कुणी दुरुस्त करायचं, यावर गेल्या वीस वर्षांत आमचं एकमत झालेलं नाही.

बाई तोंडाची फटकळ. पोरं तिला ओयालाबाई म्हणायची आणि समोर चळाचळा कापायची, पण तिच्या खिडकीवरून कुणी अर्धपोटी परत गेलं नाही. एका जानेवारीत वादळानं रस्ता बुजला आणि चौपन्न पोरं दोन दिवस शाळेतच अडकली. माझी बस दारातच बर्फात रुतलेली. हेल्मीनं कोठार रिकामं केलं. दुसऱ्या संध्याकाळी बटाटे आणि दूध एवढंच उरलं होतं, त्याचं तिनं पातळ कालवण केलं आणि वर मिरपूड टाकून असं वाढलं की जणू नाताळचं जेवण आहे. पहिलीतला एक मुलगा आई पाहिजे म्हणून रडायला लागला. हेल्मी त्याला म्हणाली, आई उद्या, आधी वाटी संपव. आणि तो संपवेपर्यंत त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिली. तिला माया करायची तर हातात पळी लागते, मोकळ्या हातानं जमत नाही.

निवृत्त झाली तेव्हा तिचा नवरा रेमंड जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलगी ग्रीन बे शहरात संसारात गुंतलेली. एका माणसापुरतं कसं रांधायचं, हे काही बाईला जमेना. गुरुवारी वाटाण्याचं सूप करायची ते मला आठवडाभर पुरायचं. निरोपाच्या दिवशी पोरांनी तिला लाल काचेची एक बाटली दिली होती. तिच्यात साखरेचं पाणी भरून टांगायचं, की हमिंगबर्ड येतात. मे महिन्यात तिनं ती मागच्या अंगणात टांगली, आणि दुसऱ्याच दिवशी एक लालगळा आला, अंगठ्याएवढा, नाण्याच्या वजनाचा. बाटलीच्या तोंडाशी हवेत उभा राहून प्यायला, आणि वर बाईकडे बघून चिडक्या आवाजात काहीतरी बोलून गेला. हेल्मी मला म्हणाली, "याला माझा स्वयंपाक आवडला नाही बहुतेक. उद्या पुन्हा येईल." तिला इतकी खूश मी तिच्या रेमंडशी झालेल्या लग्नात पाहिली होती, त्यानंतर तेव्हाच.

नऊ वर्षांत एका बाटलीच्या सहा झाल्या. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, थंडी असली तर तीनच. मध नाही, रंग नाही. मोठ्या पातेल्यात उकळायचं, निववायचं, बाटल्या गरम पाण्यानं घासायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात जेवढी शिस्त होती तेवढीच इथे. आमच्याकडे सगळे मेच्या मध्यावर बाटल्या बाहेर काढतात. हेल्मी एप्रिल सरायच्या आत काढायची. कुणी लवकर आला तर दारात ताट नको का, म्हणायची.

गेल्या वर्षीही तिनं सत्तावीस एप्रिललाच बाटली टांगली, तीही काठी टेकत. तेव्हा खुबा बदलून तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की निसरड्यावर पाऊल ठेवायचं नाही, पडलात तर पुन्हा उभ्या राहणार नाही. एप्रिलच्या शेवटी अंगण कोरडं होतं म्हणून निभावलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, आमच्या मोठ्या सरोवरावरून वारा फिरला. दुपारपर्यंत पाऊस, मग गारा, मग बर्फ. आमच्याकडे मेमधल्या बर्फाचं कुणाला नवल नाही, शिव्या घालायच्या आणि फावडं पुन्हा बाहेर काढायचं. पण पाखरं येऊन आठवडा झाला होता. फुलं एकही नाही. किडे-माशा सगळे गारठून पडलेले. होतं ते हेल्मीच्या बाटल्यांत, आणि त्या अर्ध्या तासात गोठत होत्या.

तिनं मला फोन करून बोलावलं. बोलावलं म्हणजे, ये म्हणाली आणि फोन ठेवला. गेलो तर बाई खिडकीशी खुर्ची लावून बसलेली, चुलीवर पातेलं, चुलीवरच्या फळीवर तीन बाटल्या ऊब घेत होत्या. तीन बाहेर, तीन आत, दर अर्ध्या तासाला अदलाबदल. पहाटे उजाडायच्या आधी बाहेर काढायच्या, रात्री शेवटचं पाखरू गेलं की आत. तिला बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, म्हणून पाय माझे आणि डोकं तिचं.

"कोमट, आर्वो," ती म्हणाली. "गरम नाही. मनगटावर थेंब टाकून बघ."

"मी काय बाळाला पाजतोय?"

"बाळाला पाजत असतास तर मला घोर नसता. त्याला रडता येतं."

मग तिनं सूचनांचा सपाटा लावला. बाटली कुठल्या हातानं धरायची, आकडीवरचा बर्फ कसा झटकायचा, कुणाच्या किती जवळ जायचं, कशाला हात लावायचा नाही. दहा-बारा तरी सूचना असतील. खरं सांगायचं तर मी चार ऐकल्या. अठ्ठावीस वर्षं पोरांनी भरलेली बस चालवून मी एकच विद्या शिकलो आहे, ती म्हणजे मागून येणारं बोलणं कानाआड करणं. त्याशिवाय गाडी रस्त्यावर राहत नाही.

खिडकीची खूणही तिनंच ठरवली. काठीनं काचेवर एकदा ठोकलं तर बाटली बदल. दोनदा ठोकलं तर चुकतंय, थांब. तीनदा म्हणजे आत ये, कॉफी झाली. गुरुवारच्या दिवसभरात मी दोनदाचं ठोकणं इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मी मान वळवणं सोडून दिलं.

संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, सगळी पाखरं शेवटचं प्यायला एकदम यायची. तेव्हा ती लाकडी पळीनं एकेकाकडे दाखवत मोजायची. अकरा. एरवी हे लालगळे एकाच बाटलीवर दुसऱ्याला फिरकू देत नाहीत, तलवारी काढल्यासारखे एकमेकांवर धावून जातात. त्या दिवशी मात्र एका बाटलीवर चार-चार, खांद्याला खांदा लावून, पिसं फुगवून बसलेले. मला ते दृश्य छान वाटलं. हेल्मीला नाही वाटलं.

"भांडत नाहीयेत," ती म्हणाली. "पोरं जेवणाच्या रांगेत गप्प उभी असली ना, की समजायचं, ताप आहे."

शुक्रवारी साखर संपत आली म्हणून मी दुकानात गेलो. तिथं कॉफीच्या टेबलावर रूडी लांपिनेन बसलेला असतो. जन्मभर त्यानं लोकांच्या विहिरी खणल्या आणि आता लोकांच्या खोड्या खणतो. माझ्या हातात दहा पौंडांची साखरेची पिशवी बघून त्यानं विचारलं, की कुणाचं लग्न. मी सांगितलं. तो म्हणाला, "एप्रिलमध्येच बाटल्या टांगल्या ना बाईनं? पाखरांना वाटलं, खाणावळ उघडली, चला. नाहीतर खाली दक्षिणेतच थांबली असती शहाण्यासारखी. हेल्मीनं त्यांना मयताचं आवतण दिलंय, मयत त्यांचंच."

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. इथवर ठीक होतं. पण मी घरी येऊन ते तिला सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं, ती रूडीला चार ठेवणीतल्या शिव्या देईल आणि दोघांचं मन रमेल.

ती पातेल्यात पळी फिरवत होती. पळी थांबली.

मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, "मी बोलावलं का रे त्यांना?"

मी म्हटलं, पाखरं काय तुझी पाटी वाचून येतात? हजारो मैलांवरून निघताना त्यांना काय माहीत हेल्मी ओयालानं बाटली कधी टांगली ते? ती म्हणाली, पण वाटेत थांबता आलं असतं. गेल्या वर्षी इथं प्यायलेलं पाखरू यंदा इथंच येतं, हे तिनं स्वतः पाहिलंय. त्याला माहीत असतं की इथं मिळतं. मग ते घाई करणार नाही का? मला पाखरांतलं काय कळतं? रूडीलाही कळत नाही, पण तो बोलून मोकळा झाला होता आणि मी त्याचं बोलणं उचलून नेमकं तिच्या दारात आणून टाकलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सातच पाखरं आली. तिनं पळी धरून अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मी बाटल्या आत आणायला निघालो तर म्हणाली, थांब, अजून चार राहिलेत. मी थांबलो. माझ्या मिशीवर बर्फ धरला. कुणी आलं नाही.

शनिवारी पहाटे वीज गेली. ओल्या बर्फाच्या ओझ्यानं फाट्यावर कुठे तरी तारा तुटल्या असणार. चूल लाकडाची होती म्हणून आमचं काम अडलं नाही, पण घर काळोखं झालं आणि त्या काळोखात बाई खिडकीशी बसलेली बघवेना. चेहरा उतरलेला. वेलची घातलेला निसू पाव तिनं स्वतःच भाजला होता, त्याचा एक तुकडाही तिनं मोडला नव्हता. रात्री झोपली का म्हणून विचारलं तर म्हणाली, झोपून काय करायचं. मला तिच्या खुब्याची काळजी वाटायला लागली, मग जेवणाची, मग एकूणच तिची. पाखरं गेली तर जातील, जगात पाखरांना तोटा नाही. पण ही बाई आपल्या हातून ती मेली असं धरून बसली, तर तिचं पुढे काय होईल? पुढच्या वर्षी ती बाटली टांगणार नाही. पळी टांगून ठेवेल. आणि मोकळ्या हातानं हेल्मी ओयाला किती दिवस जगेल, याचा मला भरवसा नव्हता.

दुपारी दिव्याचं तेल आणायला मी बाहेर पडलो. रूडीच्या दारावरून जाताना त्यानं हात करून गाडी थांबवली. बर्फ उडवायचं यंत्र घेऊन तो रस्त्याच्या कडेला उभा होता. नेहमीचा तोरा नव्हता. म्हणाला, इकडे ये, काहीतरी दाखवतो. यंत्राची मूठ लाल रंगाची होती आणि तिच्या टोकाशी एक हमिंगबर्ड चोच लावून बघत होतं. इकडून, तिकडून, खालून. रूडी म्हणाला, गुरुवारपासून येतंय, मी यंत्र आत नेलं की दारावर धडकतं. या माणसानं जन्मात बाटली टांगलेली नाही आणि त्याच्या आसपास मैलभर कुणी टांगत नाही.

"साखर किती घालतात रे?" त्यानं हळूच विचारलं.

मी सांगितलं, आणि असा आनंदानं परत आलो की वाटेत दोनदा गाडी घसरली. जिथं बाटली नाही तिथंही पाखरं आली होती, म्हणजे ती कुणाच्या आवतणानं आली नव्हती. हेल्मीला घरात पाऊल टाकताच सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुला खोटं बोलता येत नाही, आर्वो," ती म्हणाली. "तुझे कान लाल होतात."

"अगं, थंडीनं लाल झालेत."

"रूडी लांपिनेननं साखर विचारली म्हणे." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "निदान पटेल असं तरी सांगायचं."

त्या संध्याकाळी चारच आली.

शनिवार आमच्याकडे सौनाचा. आमचे आजे-पणजे समुद्रापलीकडून इथं आले, त्यांनी आधी सौना बांधला आणि मग घर. अंगणातली ती छोटी लाकडी खोली, तापलेले दगड, त्यांवर पाण्याची वाफ. आमचं सगळं तिथंच होतं. हेल्मी स्वतः तिच्या बापाच्या सौनात जन्मली, मार्चच्या बर्फात सुईणीला दुसरीकडे ऊब कुठे मिळणार? तिचा बाप गेला तेव्हा त्याला तिथल्याच बाकावर शेवटचं धुतलं. पाठ धरली, सर्दी झाली, मन बिघडलं, सौनात जा. सौनानं जे बरं होत नाही ते कशानंच बरं होत नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आहोत. हेल्मीचा सौना मी दर शनिवारी पेटवतो. आधी ती जाते, मग मी. त्या दिवशीही पेटवला. ती म्हणाली, चारच आली, मी कसली न्हायला बसू. मी एकटाच बसलो. वाफेत अंग सैल झालं, मन नाही झालं. निघताना आत आणखी दोन मोठी लाकडं टाकली, सवयीनं.

रविवारी पहाटे पाचला मी तिच्याकडे गेलो तेव्हा वारा पडला होता, आभाळ स्वच्छ झालं होतं आणि त्यामुळेच थंडी तीन दिवसांत नव्हती एवढी कडक होती. चुलीवरच्या तीन बाटल्या उचलून बाहेर आलो. सौनाच्या वळचणीखालची आकडी बघतो तर तिच्यावर एक बाटली तशीच. रात्री चारच पाखरं बघून माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं, ती आत न्यायची राहून गेली होती. पाणी पार गोठून बाटली तडकलेली. आणि तिच्या कडेला पायांनी धरून एक लालगळा उलटा लोंबत होता. डोकं खाली, डोळे मिटलेले, पिसांवर दंव. मी बोट लावलं. लाकूड. बोटानं थोडं ढकललं तर लोलकासारखा हलला आणि तसाच राहिला.

मला वाटलं, मी बाटली विसरलो, हा रात्री प्यायला आला असेल, आणि इथंच गोठला. वाटलं, अजून धुगधुगी असेल. आणि दहा पावलांवर सौना होता, दगड अजून गरम असणार.

मागे काचेवर दोनदा ठोकलं. मला वाटलं, विसरलेल्या बाटलीवरून ओरडा चाललाय. पुन्हा दोनदा. मग पुन्हा, जोरात. मी मान वळवली नाही, बस चालवत राहिलो. हातातल्या बाटल्या बर्फावर ठेवल्या, त्याचे पाय हळूच सोडवले, त्याला मुठीत घेतलं आणि सौनात जाऊन दार लावून घेतलं.

वरच्या बाकावर, जिथं ऊब जास्त असते, तिथं टॉवेलवर त्याला ठेवलं. लहानशा खिडकीतून पहिला उजेड येत होता. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. किती वेळ कोण जाणे. मग त्याच्या पाठीवर शहारा आला. पुन्हा एक. डोळा उघडला, काळाभोर, मोहरीएवढा. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "ऊठ, बाबा, ऊठ." आणि तो उठला.

उठला तो सरळ खिडकीवर गेला. उजेड तिथं होता ना. काचेवर आपटला, मागे आला, पुन्हा आपटला. त्या लहान खोलीत त्याच्या पंखांचा आवाज घुमत होता. मी टॉवेल घेऊन धावलो, तर छताला गेला, तिथून दगडांवरच्या गरम हवेत, तिथून पुन्हा काचेवर. तेव्हा मला आठवलं की बाटल्या बाहेर बर्फावर आहेत. त्याला द्यायला माझ्याजवळ थेंबभरही काही नव्हतं. मी त्याला ऊब दिली होती आणि ताट मांडलंच नव्हतं.

दार उघडलं. दारात हेल्मी, गाऊनवर रेमंडचा जुना कोट, पायात नुसत्या घरातल्या सपाता, हातात काठी. अंगणभर गुडघ्याएवढा बर्फ होता आणि ती त्यातून आली होती. मी तिच्या पायांकडे बघतच राहिलो.

"बाटली," ती म्हणाली.

मी धावलो. दोन बाटल्यांच्या तोंडावर पापुद्रा धरला होता, तिसरी अजून ओली होती. परत आलो तेव्हा ती खालच्या बाकावर बसली होती आणि तो तिच्या ओंजळीत होता. पंख पसरलेले. तिनं बोट बुडवून थेंब त्याच्या चोचीला लावला. पुन्हा लावला. थेंब चोचीवरून ओघळून तिच्या तळहातावर गेला. ती लावतच राहिली, जसं त्या रडणाऱ्या मुलाच्या वाटीशेजारी बसली होती तशी. मग एकदा तिनं बोट काढून घेतलं आणि दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती गप्प होती म्हणून गुरुवारचं तिचं बोलणं तीन दिवस उशिरा माझ्या कानात आलं, शब्दन् शब्द. कडक थंडीत ते लाकूड होतात, आर्वो, उलटे लोंबतात, मेल्यासारखे दिसतात. हात लावायचा नाही. अंगात जे थोडं उरलंय ते पुरवायला झोपलेले असतात. ऊन आलं की आपले आपण उठतात, आणि उठल्या उठल्या त्यांना प्यायला लागतं.

"मी मारलं त्याला," मी म्हणालो.

तिनं त्याला कोटाच्या खिशात ठेवलं. "मला घरात ने," ती म्हणाली. "पाय बधिर झालाय."

तिला कवेत धरून मी ते अंगण ओलांडलं. खुब्याच्या बाजूनं ती माझ्यावर भार टाकत होती आणि प्रत्येक पावलाला माझा जीव टांगणीला लागत होता. घरात आल्यावर तिच्या पायांना घोंगडी गुंडाळली. मग बाहेर जाऊन सौनाच्या वळचणीची तडकलेली बाटली काढून टाकली आणि बाकीच्या आकड्यांना कोमट बाटल्या टांगल्या. आत येऊन तिच्या मागे उभा राहिलो. बसवत नव्हतं.

सात वाजता ऊन देवदारांच्या शेंड्यांवरून अंगणात उतरलं. काहीच झालं नाही. हेल्मीनं पळी हातात घेतली होती, कोट अंगावर तसाच. मग कुंपणाच्या बाजूनं एक आला आणि बाटलीवर बसून असा प्यायला की मान वर करेना. "एक," ती म्हणाली. मग देवदारातून दोन एकदम. चौथी मादी होती. काल आलेले चार झाले. मग पाचवा आला आणि त्यानं सरळ पहिल्याला बाटलीवरून हुसकून लावलं. हेल्मीच्या तोंडून हुं असा आवाज आला. सहा. सात. दोन दिवस दिसली नव्हती ती पाखरं झाडांत लाकूड होऊन लोंबत होती, आणि आता एकेक उठून येत होती, भुकेली आणि भांडकुदळ. आठ. नऊ. दहावा सौनाच्या छपरावरून आला.

दहाच्या पुढे मोजायला पाखरूच उरलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. तीन दिवसांच्या थंडीनं एकही नेलं नव्हतं. गेलं ते एकच, जे मी वाचवायला गेलो. मी मनात दहा धरून उभा होतो आणि ती आता काय म्हणते याची वाट बघत होतो. रूडीचे शब्द तिच्यावर दोन दिवस कसे बसले असतील, ते मला तेव्हा कळलं, कारण आता तेच माझ्यावर बसले होते, आणि माझ्या बाबतीत ते खरे होते.

तिची पळी हवेत होती. सौनाच्या वळचणीखालच्या रिकाम्या आकडीकडे तिनं ती रोखली.

"अकरा," ती म्हणाली.

मी बाहेर पाहिलं. पुन्हा मोजली. दहा. एकतीस वर्षं ताटं मोजलेली बाई, एका ताटानं चुकलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचा एक हात अजून कोटाच्या खिशात होता.

"हेल्मी, नीट मोजलंस ना?"

"मोजणं तू मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "अकरा आहेत. बस खाली, पाव खा."

मी बसलो. तिनं पावाचा मोठा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत शेजारीच बसून राहिली.